भिंतीपलीकडचा गोंगाट आणि घरमालकाचे मौन

मार्च महिन्यातील रात्र आहे. गिरगावातील एका जुन्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दहावीचा एक मुलगा पुस्तक उघडून बसला आहे. वरच्या खोलीतील ध्वनिवर्धकाचा ठोका तक्तपोशीतून उतरतो आणि मांडणीवरील भांडी हलकेच किणकिणतात. मुलाची आई दोनदा वर जाऊन आली आहे. पहिल्या खेपेस ‘हो ताई, कमी करतो’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेस दार उघडलेच नाही. सकाळी मुलाचे वडील भाडे वसूल करणाऱ्या मेहताला जिन्यात गाठतात. मेहता वही मिटत ‘शेठजींच्या कानांवर घालतो’ असे सांगून पुढच्या दाराकडे वळतो. पुढील महिन्यात पुन्हा तीच भाडेपावती, तीच तक्रार आणि तेच उत्तर.

हा प्रसंग कोणा एका कुटुंबाचा नव्हे. मुंबईच्या चाळींत, पुण्याच्या वाड्यांत आणि उपनगरांतील भाड्याच्या ब्लॉकांत तो थोड्याफार फरकाने घडत असतो. उत्सवातील ध्वनिक्षेपकांवर दर वर्षी पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु उत्सव दहा दिवसांनी संपतो. शेजारी मात्र वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस शेजारीच असतो. उत्सवाच्या गोंगाटाविरुद्ध सारी गल्ली एकत्र कुरकुरते. शेजारच्या खोलीतील गोंगाट एकाच कुटुंबाला एकाकीपणे सोसावा लागतो. शिवाय त्याबद्दल बोलावे तर ‘एवढेही सहन होत नाही का?’ हा प्रश्न तक्रारदारालाच विचारला जातो. रात्रपाळी करून आलेला कामगार, हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेली वृद्धा, पहाटे उठून शाळा गाठणारी शिक्षिका यांच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नाही. झोप ही चैनीची वस्तू नव्हे आणि परीक्षेचे वर्ष परत येत नाही.

आवाज कोणता, उपद्रव कोणता?

चाळीचे जीवन आवाजावरच उभे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सामाईक नळ, सामाईक गॅलरी, सामाईक संडास आणि दोन खोल्यांमध्ये पातळ भिंत अशी जेथे रचना आहे तेथे नीरव शांततेची अपेक्षा करणे अवास्तव होय. बी. डी. डी. चाळींत एकेका कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची खोली आली. एवढ्या जागेत जगणाऱ्या माणसांचा आवाज भिंतीच्या आत राहणे शक्यच नव्हते. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा भजन, आरती आणि व्याख्यान यांचे आवाज साऱ्या चाळीचे होते. परंतु त्या आवाजांना एक नैसर्गिक मर्यादा होती. गाणाऱ्याचा गळा थकत असे आणि टाळ कुटणाऱ्याचे हात दुखत. आज बोटभर उंचीच्या कळीने वाढणारा आवाज थकत नाही, आणि तो वाढवणाऱ्यालाही थकवत नाही. फरक पडला आहे तो येथे.

म्हणून तक्रारीपूर्वी प्रत्येकाने एक विवेक करावयास हवा. तान्ह्या मुलाचे रात्रीचे रडणे, पहाटेच्या डब्यासाठी चाललेला मिक्सर, आजारी माणसाचा खोकला, वर वावरणाऱ्यांची पावले हे जगण्याचे आवाज आहेत. मध्यरात्रीनंतर चाललेले संगीत, राहत्या खोलीत चालवलेला यंत्रावरील धंदा, रात्री भिंतीत घातलेली ड्रिलची भोके हे टाळता येण्याजोगे आवाज आहेत. न्यायालयेही सामान्यतः हाच भेद करतात. अतिसंवेदनशील माणसाची नव्हे, तर सामान्य, समंजस माणसाची सहनशक्ती ते प्रमाण मानतात. याबरोबरच आणखी एक कठोर आत्मपरीक्षण आवश्यक आहे. आपल्या देवाची आरती भक्ती वाटते आणि दुसऱ्याच्या देवाची प्रार्थना गोंगाट वाटते. आपल्या मुलीचा हार्मोनियम कला असतो आणि परक्या बोलीतील गाणे धिंगाणा असतो. तक्रार आवाजाविरुद्ध आहे की माणसांविरुद्ध, याचे प्रामाणिक उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याची तक्रार कोणी मनापासून ऐकणार नाही.

आवाजाच्या वाटाही समजून घेणे उपयुक्त ठरते. रेडिओचा वा बोलण्याचा आवाज हवेतून येतो. तो फटींतून, खिडक्यांतून आणि पातळ भिंतींतून शिरतो. कांडणे, ठोकणे, जमिनीवरून खुर्ची ओढणे यांचा आघात मात्र वाशांतून वा स्लॅबमधून थेट प्रवास करतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर उतरतो. आघाताचा आवाज खालून छत जाड करून फारसा अडत नाही; तो वरच अडवावा लागतो. खुर्चीच्या पायांना रबर, ध्वनिवर्धकाखाली जाड घडी, कुटण्याच्या जागी सतरंजीवर पाट असे साधे उपाय वरच्या बिऱ्हाडाने केले, तर खालच्याची निम्मी तक्रार मिटते. असे उपाय भांडताना सुचवले जात नाहीत. ते दिवसा, शांतपणे आणि शक्यतो चहा घेताना सुचवावे लागतात.

मालकाचे मौन कशामुळे?

शेजारी ऐकत नाही म्हणून भाडेकरू मालकाकडे जातो. मालक गप्प राहतो, तेव्हा त्याच्या स्वभावाला दोष दिला जातो. परंतु या मौनाला स्वभावापेक्षा मोठे कारण आहे, आणि ते भाड्याच्या इतिहासात सापडते.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणभूत मानले. युद्धकाळातील टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्याचा त्यामागील हेतू सर्वथा योग्य होता. परंतु तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली. करांपोटी होणारी वाढ वगळता भाडे जागच्या जागी राहिले, आणि मालमत्तेची किंमत मात्र आकाशाला भिडली. प्रमाणभूत भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे मत सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये नोंदवले. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. पण मूळ रक्कमच इतकी लहान होती की चार टक्क्यांनी तिला अर्थ आला नाही.

याचा परिणाम उघड आहे. जेथे खोलीचे मासिक भाडे दोन वेळच्या भाजीच्या खर्चापेक्षाही कमी आहे, तेथे भाडेकरू समाधानी असो वा त्रस्त, मालकाच्या उत्पन्नात फरक पडत नाही. भाडेकरू कंटाळून निघून जाईल ही भीती अन्य व्यवसायांत मालकाला वठणीवर आणते. येथे ती भीती नसून आशा आहे. त्याचे डोळे भाड्याकडे नव्हे, तर इमारत पाडून होणाऱ्या पुनर्विकासाकडे लागलेले असतात. दोन भाडेकरूंचे आपसांत पटत नसेल, तर त्यांची एकजूट होण्याची चिंताही कमी होते. भाडेकरूने पागडी मोजून खोली घेतली असल्याने तो स्वतःला अर्धा मालक मानतो. आणि मालक त्याला अर्धाही भाडेकरू मानत नाही. अशा नात्यात कर्तव्याची जाणीव कोणाकडून येणार?

शस्त्र एकाच्या हाती, जखम दुसऱ्याला

वास्तविक कायद्याने मालकाच्या हाती शस्त्र दिलेले आहे. १९९९ च्या कायद्याचे कलम १६ भाडेकरूकडून ताबा परत घेण्याची कारणे सांगते. भाडेकरू अथवा त्याच्यासोबत राहणारी व्यक्ती लगतच्या वा शेजारच्या रहिवाशांना उपद्रव होईल असे वर्तन करीत असेल, तर ते त्यांपैकी एक कारण आहे. जुन्या कायद्याच्या कलम १३ मध्येही हीच तरतूद होती. म्हणजे शेजाऱ्याच्या शांततेची दखल कायदेमंडळाने पाऊणशे वर्षांपूर्वीच घेतली होती. परंतु हा दावा फक्त मालक करू शकतो. ज्याची झोप मोडते त्याला तो अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे तो मलबार हिलवर किंवा दुसऱ्या शहरात निवांत झोपलेला असतो. वर्षानुवर्षे चालणारा खटला, वकिलाचा खर्च आणि साक्षीपुरावा यांचा भार तिऱ्हाइताच्या झोपेसाठी तो उचलत नाही. आणि घरातून हुसकून लावण्याचे शस्त्र सहजासहजी उगारले जाऊ नये, यातही शहाणपण आहेच. गोंगाट करणाऱ्यालाही मुलेबाळे असतात.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र भाडेकरूचा हात थोडा बळकट आहे. पुष्कळदा आवाजाचे मूळ माणसात नसते. ते सैल फळ्यांत, खिळखिळ्या वाशांत किंवा भिंतीला टेकवून बसवलेल्या पाण्याच्या पंपात असते. इमारत राहण्यायोग्य स्थितीत राखणे हे कलम १४ अन्वये मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूंनी ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. परंतु एका वर्षात वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. मासिक भाडे शंभर रुपये असेल, तर वर्षाला तीनशे रुपये! तीनशे रुपयांत सुताराचा अर्धा दिवसही मिळत नाही. ज्या स्वस्त भाड्याने भाडेकरूला संरक्षण दिले, त्याच भाड्याने त्याचा हक्क पोकळ केला.

मालकाकडून ‘निर्वेध उपभोगा’ची हमी मागता येईल काय, असाही विचार मनात येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये तशी हमी आहे. परंतु ती वाट अरुंद आहे. इंग्लंडमध्ये साउथवर्क येथील नगरपालिकेच्या घरांतील भाडेकरूंनी, शेजाऱ्यांचे सारे व्यवहार भिंतींतून ऐकू येतात म्हणून पालिकेवर दावा लावला होता. तेथील उमराव सभेने १९९९ मध्ये तो फेटाळला. घराचा नित्याचा वापर हा उपद्रव नव्हे, आणि उपभोगाची हमी म्हणजे इमारत ध्वनिरोधक करून देण्याचे वचन नव्हे, असा तो निर्णय होता. भारतीय न्यायालयांवर तो बंधनकारक नसला, तरी उपद्रवाचा आपला कायदा इंग्रजी परंपरेतूनच आलेला असल्याने त्यातील तर्क दुर्लक्षिता येत नाही.

मालकाला वगळून

तेव्हा मालकाच्या दारी खेटे घालण्यात वर्षे घालवण्याऐवजी, त्याला एक लेखी पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि पुढील वाट धरावी, हेच श्रेयस्कर. ती वाट १४ फेब्रुवारी २००० पासून अमलात आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी खुली केली आहे. निवासी विभागात दिवसा, म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत, ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे माप फसवे असते. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शयनगृहासाठी ३० आणि वर्गखोलीसाठी ३५ डेसिबलचा दंडक सुचवला होता, हे पाहता आपली मर्यादा मुळीच जाचक नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक, वाद्य किंवा आवाज निर्माण करणारे साधन वाजवण्यास मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागा आणि सार्वजनिक आणीबाणी यांचाच त्याला अपवाद आहे. वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पण ती सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी, कोणाच्या वाढदिवसासाठी नव्हे. २०१० च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर विहित मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. आणि निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवता येणार नाहीत. दिवसाची तक्रार करावयाची, तर आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने अधिक असावा लागतो. रात्रीच्या मनाईचा भंग झाला असेल, तर मात्र या मोजमापाची अट नाही. सर्वसामान्य नागरिकाच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे, कारण त्याच्यापाशी मापनयंत्र नसते, घड्याळ असते.

या नियमांच्या पाठीशी न्यायालयेही उभी राहिली आहेत. कोणालाही सक्तीचा श्रोता बनवता येणार नाही, ही भूमिका कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घेतली. दिल्लीतील एका बालिकेवर अत्याचार झाला आणि तिचा आक्रोश मोठ्या आवाजातील संगीतात बुडून गेला. त्या घटनेने व्यथित झालेल्या एका अभियंत्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी विस्तृत निर्णय दिला. घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात शांततेने जगण्याचा हक्क अंतर्भूत आहे, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली कोणीही आपला आवाज दुसऱ्याच्या घरात घुसवू शकत नाही, हा त्याचा गाभा होता.

निर्णय आणि पोलीस चौकी यांच्यामध्ये मात्र बरेच अंतर असते. तक्रार करणाऱ्याचेच नाव शेजाऱ्याला कळते, हवालदार येण्यापूर्वी आवाज बंद होतो आणि तो गेल्यावर दुप्पट होतो, हा अनेकांचा अनुभव आहे. प्रार्थनास्थळांवरील ध्वनिक्षेपकांच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, तक्रारदाराची ओळख विचारण्याचा आग्रह न धरता पोलिसांनी कारवाई करावी, असे बजावले. ते तत्त्व चाळीच्या जिन्यातही तितकेच लागू पडावे. अर्ज चौकीवर पडून राहिला, तर नियमांनुसार पोलीस आयुक्त, जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी हे ‘प्राधिकारी’ असू शकतात. त्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज देता येतो.

फौजदारी कायद्याची धार मात्र बोथट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ प्रमाणे सार्वजनिक उपद्रवास एक हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पूर्वी तो दोनशे होता. शिवाय उपद्रव ‘सार्वजनिक’ ठरावा लागतो. एका बिऱ्हाडाची तक्रार खासगी भांडण समजली जाते. दहा बिऱ्हाडांची तक्रार प्रशासनाला ऐकावी लागते. म्हणून सामूहिक अर्जाला पर्याय नाही. जेथे प्रश्न एकाच कुटुंबाचा आहे तेथे दिवाणी न्यायालयाकडे मनाईहुकूम मागता येतो. त्यासाठी पुरावा हवा. कोणत्या तारखेस, किती वाजता, किती वेळ, कशाचा आवाज झाला आणि तो आणखी कोणी ऐकला, याची रोजची नोंद असलेली शंभर पानी वही ही संतापाने लिहिलेल्या वीस अर्जांपेक्षा अधिक बोलते.

सूड हा उपाय नव्हे

एक मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. ज्या १८९३ सालाचा उल्लेख वर आला, त्याच साली लंडनमध्ये एका खटल्याचा निकाल लागला. ब्रिक्स्टन भागात एकाच भिंतीने जोडलेल्या दोन घरांपैकी एकात संगीताच्या शिकवण्या चालत. दुसऱ्यात राहणारा लाकडावर कोरीव काम करणारा कारागीर त्याने जेरीस आला. त्याने पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग शेजारी पियानो वाजू लागला की तो भिंतीवर ठोके मारी, तबके बडवी, शिट्ट्या फुंकी आणि किंचाळे. न्यायालयाने मनाईहुकूम दिला तो या कारागिरालाच. त्याचा आवाज निव्वळ त्रास देण्यासाठी होता, हे त्याला भोवले. ‘क्रिस्टी विरुद्ध डेव्ही’ या नावाने हा खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. रात्रभर जागरण घडल्यावर पहाटे पाच वाजता मुद्दाम रेडिओ लावणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याने अन्यायाचेच साधन उचलले की त्याची बाजू गेली.

मालकीच्या सदनिकांत राहणाऱ्यांची स्थिती फार निराळी आहे असे नाही. तेथे मालकाच्या जागी गृहनिर्माण संस्थेची समिती येते. इतर सभासदांना उपद्रव होईल असे काही करू नये, असे उपविधी सांगतात; पण चिटणीसही त्याच जिन्याने ये-जा करतो आणि वैर पत्करण्याचे टाळतो. अकरा महिन्यांच्या कराराने राहणाऱ्या बिऱ्हाडाचा गोंगाट असेल, तर मात्र सदनिकेच्या मालकाला लिहिलेले पत्र लवकर फळते. कारण तेथे भाडे बाजारभावाचे असते आणि करारात बहुधा उपद्रवाचे कलम असते. मालकाची कर्तव्यबुद्धी त्याच्या हितसंबंधामागून चालते, याचा हा आणखी एक दाखला होय.

पूर्वी चाळीत चार वडीलधारी माणसे असत. ती संध्याकाळी गॅलरीत बसत आणि ‘अरे, खालच्या पोराची परीक्षा आहे, आठवडाभर जरा बेताने घे’ एवढे सांगत. त्या शब्दाला कायद्याचा आधार नव्हता, तरीही तो मानला जाई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच वडीलधाऱ्यांनी कितीकांच्या आयुष्यात नको तेवढी ढवळाढवळही केली. पण मध्ये कोणीतरी बोलणारा असावा, ही गरज खरी होती. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने सामुदायिक मध्यस्थीची कल्पना, परिसरातील रहिवाशांच्या सलोख्यास बाधा आणणाऱ्या वादांसाठी, कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली आहे. प्रत्येक चाळीने, प्रत्येक संस्थेने दोन-तीन विश्वासू माणसांना, त्यात निदान एका स्त्रीला, हे काम सोपवले, तर पोलीस चौकीपर्यंत जाणारे किती तरी वाद जिन्यातच मिटतील. रात्री दहानंतर यंत्रांचा आवाज नाही, परीक्षेच्या महिन्यात त्याहून लवकर, आणि घरी समारंभ असेल तर शेजाऱ्यांना आगाऊ सांगणे, एवढे तीन नियम जिन्यातील फलकावर लिहिण्यास कोणत्याही मालकाची परवानगी लागत नाही.

मालक बोलेल याची वाट पाहत बसणाऱ्या भाडेकरूंनी एक गोष्ट ओळखावी. इमारत त्याची असेल. पण तेथील रात्र तेथे राहणाऱ्यांची आहे. तिचे रक्षण भाडेपावतीवर सही करणाऱ्याने केले नाही, तर ते त्या जिन्याने रोज चढ-उतार करणाऱ्यांनाच करावे लागेल. दहावीचा तो मुलगा अजून पुस्तकापाशी बसलेला आहे, आणि त्याची परीक्षा मालकाच्या उत्तरासाठी थांबणार नाही.